अर्धवट राहिलेलं इरेज: फ्लॅशवर डेटा ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅशवर डेटा साठवणारं सॉफ्टवेअर लिहिणारे, आणि दुसऱ्याने लिहिलेलं निस्तरत बसलेले, हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. सोपे आधी घेतलेत, अडनिडे नंतर. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय. फ्लॅशचे मुख्य प्रकार दोन, नॉर आणि नँड. रोख मुख्यतः मायक्रोकंट्रोलरला जोडलेल्या नॉर फ्लॅशवर आहे. नँड आणि कार्डं कुठे वेगळी वागतात ते शेवटाकडे येईल.

१. जुन्या डेटावर थेट नवा का लिहिता येत नाही? इरेज हवंच कशाला?

लिहिताना फ्लॅशमधला बिट फक्त १ चा ० होतो. ० चा परत १ करायचा तर इरेज करावं, म्हणजे खोडावं लागतं, आणि ते एका बाइटचं होत नाही, अख्ख्या सेक्टरचं होतं. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू मालिकेतली नेहमीची चिप घ्या. लिहायचं २५६ बाइटच्या पेजमध्ये, खोडायचं मात्र कमीत कमी ४ केबी. पेज सहसा मिलिसेकंदाच्या आत लिहून होतं. ४ केबी खोडायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात आणि डेटाशीट कमाल ४०० ची मुभा ठेवतं. ६४ केबीच्या ब्लॉकला साधारण १५० मिलिसेकंद, कमाल २ सेकंद. ८० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी ४५ मिलिसेकंद म्हणजे ३६ लाख क्लॉक. वीज जायला एवढी सवड पुष्कळ झाली.

२. इरेज चालू असताना वीज गेली तर चिपच्या आत नेमकं काय होतं?

बाहेरून ती एक कमांड असली तरी आत बरंच काही चालतं. नॉर चिप साधारणपणे आधी सेक्टरमधले सगळे बिट ० करून घेते, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात. मग इरेजचे पल्स देत देत दर वेळी तपासते. शेवटी जे सेल गरजेपेक्षा जास्त खोडले गेले त्यांना हलकासा पल्स देऊन जागेवर आणते.

पहिल्या टप्प्यात वीज गेली तर जुना डेटा आणि शून्यं यांची सरमिसळ दिसते. मधल्या टप्प्यात गेली तर एका वाचनात ० आणि पुढच्या वाचनात १ देणारे बिट सापडतात. शेवटच्या टप्प्यात गेली तर वरून सगळं स्वच्छ एफएफ (म्हणजे सगळे बिट १), पण काही सेल इतके ढिले की बंद असतानाही त्यांच्यातून करंट झिरपतो, आणि त्याच बिटलाइनवरच्या दुसऱ्या सेलचं वाचन बिघडू शकतं.

शून्यं कुठून भरायला सुरुवात होते हे चिपवर अवलंबून असतं. लिनक्समधल्या यूबीआयच्या (फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणाऱ्या थराच्या) सोर्समध्ये स्पॅन्शनच्या एस२९जीएल५१२एन या चिपबद्दल एक टिपण आहे: ती ब्लॉकच्या शेवटापासून शून्यं भरत येते. त्यामुळे मध्येच वीज गेली की ब्लॉकची सुरुवात जशीच्या तशी आणि शेपूट शून्य, असं चित्र दिसतं. हेडर सहसा सुरुवातीलाच असतं, म्हणून हे फार घातक. त्याचा बंदोबस्त प्र. ५ मध्ये.

३. सेक्टर वाचला, सगळे बाइट एफएफ आले. मग इरेज झालंच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सेक्टर कोरा दिसला म्हणजे तो कोरा आहेच असं नाही.

सेलमध्ये अडकलेल्या इलेक्ट्रॉनांवरून त्याचं थ्रेशोल्ड व्होल्टेज ठरतं, आणि ते एका रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच वाचताना बघितलं जातं. नीट खोडलेला सेल रेषेपासून लांब असतो. अर्धवट खोडलेला रेषेला खेटून असू शकतो. आत्ता, या तापमानाला, या व्होल्टेजला तो १ वाचला जाईल. उद्या दोन्ही बदलले की ०.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका लॉगरच्या ड्रायव्हरमध्ये 'सेक्टर आधीच कोरा असेल तर इरेज टाळा' ही चार ओळींची काटकसर मीच घातली होती. चिपचं आयुष्य वाचवतोय अशी समजूत. टेबलावर सगळं बिनबोभाट चाललं. बाहेर गेलेल्या काही युनिटमध्ये मात्र नोंद लिहिल्यावर लगेच वाचली की बरोबर यायची, आणि युनिट तापलं की त्याच नोंदीत एखाद्या १ चा ० झालेला असायचा. त्या बिटला आमच्या कोडने हातही लावला नव्हता. त्या चार ओळी काढल्या आणि तक्रार संपली.

काही चिप याबाबतीत मदत करतात. एस२५एफएस मालिकेत 'या सेक्टरचं शेवटचं इरेज पूर्ण झालं होतं का' हे विचारायची वेगळी कमांड आहे. एमएसपी४३० च्या काही घराण्यांत मार्जिन रीड आहे, म्हणजे रेष थोडी सरकवून वाचता येतं. असेल तर जरूर वापरा. नसेल तर प्र. ४.

४. मग इरेज पूर्ण झालं हे ओळखायचं कसं?

वाचून ओळखायचं नाही, लिहून ठेवायचं. इरेज संपलं, बिझी बिट उतरला, एररचा बिट नाही हे बघितलं, की त्याच सेक्टरमध्ये एक छोटी खूण लिहा. खूण आहे तो सेक्टर वापरण्याजोगा. खूण नाही तो संशयित, मग तो दिसायला कितीही कोरा असो.

जेएफएफएस२ (फ्लॅशसाठीची लिनक्समधली फाइल सिस्टम) नेमकं हेच करतं. इरेज झाल्यावर ब्लॉकच्या सुरुवातीला 'क्लीनमार्कर' नावाचा नोड लिहितं, आणि माउंट होताना पूर्ण एफएफ असलेला पण क्लीनमार्कर नसलेला ब्लॉक दिसला तर सरळ पुन्हा खोडायच्या यादीत टाकतं. यूबीआयमध्ये हेच काम इरेज काउंटरचं ६४ बाइटचं हेडर करतं. त्यात ब्लॉक किती वेळा खोडला गेला तेही असतं आणि सीआरसीही (डेटा बदललाय का ते ओळखायचा चेकसम).

खूण एका बाइटची ठेवू नका. अर्धवट खोडण्यातून एखादा बाइट योगायोगाने तुमच्या खुणेसारखा दिसू शकतो. चार बाइटचा ठरलेला आकडा, सोबत अनुक्रमांक आणि सीआरसी एवढं तरी हवं.

५. नवं इरेज सुरू झालं आणि लगेच वीज गेली. जुनी खूण तशीच राहिली तर?

खरी मेख इथे आहे. खूण साबूत, हेडरचा सीआरसी बरोबर, आणि मागचा डेटा सडलेला. सुरू होताना तुमचं सॉफ्टवेअर त्या सेक्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवणार.

उपाय सोपा आहे: इरेजची कमांड द्यायच्या आधी खूण मारून टाका. नॉरमध्ये १ चा ० केव्हाही करता येतो, म्हणून हेडरच्या ओळखीच्या आकड्यावर शून्यं लिहायची आणि मगच इरेज सुरू करायचं. नॉरवर यूबीआयही इरेजआधी आपली दोन्ही हेडरं अशीच बाद करतं. वीज कधीही गेली तरी आता दोनच शक्यता उरतात. शून्यं लिहून झाली असतील तर सेक्टर संशयित, पुन्हा खोडा. झाली नसतील तर इरेज सुरूच झालेलं नाही. शून्यं लिहितानाच वीज गेली तर हेडर मोडकं दिसेल, आणि मोडकं हेडरही संशयितच धरायचं. खूण वाचल्यासारखी दिसली तरी मागचा डेटा शाबूत आहे, कारण इरेजची कमांड गेलेलीच नाही.

ईसीसी (बिटांच्या चुका ओळखून सुधारणारे जादा बिट) असलेल्या फ्लॅशमध्ये एकाच शब्दावर दोनदा लिहिता येत नाही. एसटीएम३२एल४ वर त्याला एक अपवाद आहे: लिहिलेल्या ६४ बिटच्या शब्दावर पूर्ण शून्य लिहायला परवानगी असते. जिथे तीही नाही तिथे 'बाद' या खुणेसाठी वेगळा कोरा शब्द राखून ठेवा.

६. प्रत्येक नोंदीला सीआरसी आहे. तेवढा पुरत नाही का?

वाचलेले बाइट आत्ता बरोबर आहेत, एवढंच सीआरसी सांगतो. ते उद्याही तसेच वाचले जातील का, किंवा पुढची कोरी जागा खरंच कोरी आहे का, हे त्याच्या हातात नाही. संशयित सेक्टरमध्ये एखादी नोंद सीआरसीत पास झाली आणि तिची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर ती लगेच धडक्या सेक्टरमध्ये हलवा. तिथेच राहू देऊ नका.

७. सुरू होताना संशयित सेक्टर सापडला. काय करू?

पुन्हा खोडा. पूर्ण इरेज झालं की सेल ठिकाणावर येतात. अर्धवट इरेजने चिप कायमची बिघडत नाही. १ लाख चक्रांचं आयुष्य असलेल्या नॉरमधलं एक चक्र गेलं, तर गेलं. इरेजची मोजणी त्या हेडरबरोबर पुसली गेली असेल तर यूबीआयसारखं करा, म्हणजे बाकी ब्लॉकांची सरासरी धरून पुढे चला.

एक धोका मात्र सांभाळा. बॅटरी मरायला टेकलेली असते. यंत्र सुरू होतं, संशयित सेक्टर दिसतो, इरेज सुरू होतं. त्या करंटने व्होल्टेज खाली बसतं आणि रीसेट होतो. पुन्हा सुरू, पुन्हा इरेज. हे रात्रभर चाललं तर एका सेक्टरचं आयुष्य त्या एका रात्रीत बरंच खर्ची पडतं. म्हणून सुरू झाल्याझाल्या इरेज करू नका. आधी व्होल्टेज मोजा, थोडं थांबा, ते टिकतंय हे बघा. संशयित सेक्टर तेवढा वेळ नुसता वापराबाहेर ठेवला तरी काही बिघडत नाही.

८. जुना डेटा कधी खोडावा?

नवी प्रत लिहून, वाचून, पडताळून झाल्यावर. इरेज चालू असताना त्या सेक्टरमधल्या कशाचीही तुम्हाला गरज उरता कामा नये. ही अट पाळली तर इरेज कितीही वेळा तुटलं तरी पुन्हा खोडण्यापलीकडे काही करावं लागत नाही. एकाच सेक्टरमध्ये सेटिंग ठेवून 'रॅममध्ये वाच, खोड, परत लिही' करणारा कोड मात्र कोणत्याच युक्तीने वाचत नाही. किमान दोन सेक्टर हवेतच.

एसटीच्या ईईप्रॉम एम्युलेशनचा (फ्लॅशलाच ईईप्रॉमसारखं वापरण्याचा) जुना नमुना कोड या दृष्टीने बघण्यासारखा आहे. पानाच्या तीन अवस्था असतात: कोरं, डेटा घेत असलेलं, वैध. नव्या पानात सगळं हलवून झालं की जुनं खोडतात, आणि मगच नव्याला 'वैध' लावतात. सुरू होताना एक पान 'डेटा घेत असलेलं' आणि दुसरं 'कोरं' दिसलं तर ते कोरं दिसणारं पान पुन्हा खोडतात. त्या कोडलाही दिसणारा कोरेपणा पुरेसा वाटत नाही (प्र. ३).

९. वीज गेली नाही, फक्त वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला की रीसेट करणाऱ्या टाइमरने) प्रोसेसर रीसेट केला. तेव्हाही हीच भीती का?

फ्लॅश बाहेरची असेल तर गंमत उलटी आहे. प्रोसेसर रीसेट होतो, पण चिपला त्याचा पत्ताच नसतो. ती निवांत इरेज करत राहते. तुमचा कोड सुरू होऊन वाचायला जातो आणि चिप बिझी असल्यामुळे हाती कचरा येतो. तो 'फाइल सिस्टम मोडलीय' असा समजून काही सॉफ्टवेअर अख्खं फॉरमॅट करून मोकळं होतं. तेव्हा सुरू झाल्यावर पहिलं काम स्टेटस रजिस्टर वाचायचं, आणि बिझी उतरेपर्यंत थांबायचं. ६६ आणि ९९ ही सॉफ्टवेअर रीसेटची जोडी सवयीने आधी पाठवली तर चांगलं चाललेलं इरेज तुम्हीच तोडाल.

बूटसुद्धा त्याच चिपमधून होत असेल तर थांबायला तुमचा कोडच हजर नसतो, आणि बूट रॉम अडकू शकतो. तिथे वॉचडॉगची मुदत कमाल इरेज वेळेपेक्षा जास्त ठेवा. वेळ डेटाशीटमधली कमाल घ्या, सरासरी नको.

फ्लॅश मायक्रोकंट्रोलरच्या पोटातली असेल तर रीसेटने इरेज तुटतं, आणि ते वीज गेल्यासारखंच धरायचं. एसटीएम३२एफ४ च्या १२८ केबीच्या सेक्टरला साधारण १ सेकंद, कमाल २ सेकंद लागतात. अर्ध्या सेकंदाचा वॉचडॉग लावून हे सेक्टर खोडणारे लोक मला आजही भेटतात.

१०. इरेज सस्पेंड करून मध्येच वाचलं तर सुरक्षित आहे का?

आहे, जर चिपच्या अटी पाळल्या तर. डब्ल्यू२५क्यूमध्ये ७५ ने सस्पेंड, ७ए ने पुढे चालू. सस्पेंड लागू व्हायला २० मायक्रोसेकंदांपर्यंत लागतात. त्या सेक्टरमधलं काही वाचायचं नाही आणि मध्ये दुसरं इरेज सुरू करायचं नाही. सस्पेंड असताना वीज गेली तर ती अवस्था चिपच्या लक्षात राहत नाही. तो सेक्टर अर्धवट राहिलेलाच धरा (प्र. ७).

आणखी एक: दर काही मायक्रोसेकंदांनी सस्पेंड करत राहिलात तर इरेज पुढे सरकतच नाही. दोन सस्पेंडमध्ये किमान अंतर ठेवा आणि एका इरेजमध्ये किती वेळा थांबवायचं याला मर्यादा घाला.

११. वीज परत आल्यावर नुसतं वाचलं तरी एनएमआय (टाळता न येणारा इंटरप्ट) येऊन सगळं थांबतं. असं का?

ईसीसी असलेल्या अंतर्गत फ्लॅशची ही खासियत. अर्धवट खोडलेल्या शब्दाचे डेटा-बिट आणि ईसीसी-बिट जुळत नाहीत. दोन बिटांची चूक दिसली की एसटीएम३२एल४ एनएमआय देतो, एच७ बस एरर देतो. तुमचा तपासणारा कोडच पहिल्या वाचनात मरतो, पुन्हा बूट होतो, पुन्हा मरतो.

म्हणून सुरुवातीचं वाचन एका छोट्या फंक्शनमधूनच करा, आणि एनएमआयच्या हँडलरमध्ये आधी बघा की चुकीचा पत्ता डेटाच्या भागातला आहे का. असेल तर ध्वज लावा, ईसीसीचा बिट साफ करा आणि परत या. तो सेक्टर संशयित. पत्ता कोडच्या भागातला असेल तर मात्र थांबणंच योग्य.

१२. मोठा कपॅसिटर लावला की प्रश्न मिटला ना?

हिशेब करून बघा. इरेजला २५ मिलिअँपिअर, कमाल ४०० मिलिसेकंद, आणि व्होल्टेज ३.३ वरून २.७ पर्यंतच उतरू द्यायचं. म्हणजे ०.०२५ गुणिले ०.४ भागिले ०.६, साधारण १६,७०० मायक्रोफॅरड. तेही फक्त फ्लॅशसाठी, प्रोसेसर धरलेलाच नाही.

तीच ऊर्जा रेग्युलेटरच्या आधी, १२ व्होल्टच्या बाजूला साठवली तर चित्र बदलतं. १२ वरून ६ पर्यंत उतरू दिलं आणि स्विचिंग रेग्युलेटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ७६० मायक्रोफॅरडच्या आसपास भागतं. शिवाय १२ ची बाजू कोसळू लागली की लगेच इशारा मिळतो, आणि नवं इरेज सुरूच करायचं नाही असं ठरवता येतं. मला विचाराल तर हा इशारा कपॅसिटरपेक्षा मोलाचा.

ब्राउनआउटची पातळी, म्हणजे ज्याखाली व्होल्टेज गेलं की प्रोसेसर रीसेट होतो ती, मात्र विसरू नका. प्रोसेसर १.८ व्होल्टपर्यंत चालतो आणि फ्लॅश २.७ च्या खाली भरवशाची नाही. मधल्या पट्ट्यात प्रोसेसर शुद्धीवर राहून धुंदीतल्या चिपला कमांड देत असतो.

१३. मी लिटलएफएस किंवा यूबीआयएफएस ही फ्लॅशसाठीची फाइल सिस्टम वापरतो. मला यातलं काही बघावं लागेल का?

वरचं काम त्यांनी केलंय, खालचा ड्रायव्हर तुमचाच आहे. लिटलएफएस जागा कोरी दिसते म्हणून तिच्यावर विसंबत नाही, मेटाडेटा दोन ब्लॉकांच्या जोडीत आलटूनपालटून ठेवतं, आणि स्वरूप २.१ पासून पुढची न लिहिलेली जागा बदललीय का हेही चेकसमने तपासतं. पण तुमच्या इरेज फंक्शनने काम संपायच्या आधीच 'झालं' म्हणून सांगितलं, किंवा प्र. ३ मधली माझी काटकसर केली, तर वरच्याला ते कळायला मार्ग नाही.

१४. नँडमध्ये काय वेगळं?

इरेज काही मिलिसेकंदांत उरकतं, त्यामुळे खिडकी लहान. पण अस्थिर बिटांचा त्रास तसाच. तुटलेल्या इरेजनंतर पेज कोरं वाचलं जातं, आणि लिहिल्यावर ईसीसीच्या चुका येऊ लागतात. शिवाय नीट खोडलेल्या पेजमध्येही एखादा बिट ० वाचला जाऊ शकतो, म्हणून 'सगळं एफएफ' ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसते.

तुटलेल्या इरेजवरून ब्लॉकला लगेच 'खराब' ठरवू नका. यूबीआय चूक देणाऱ्या ब्लॉकचा छळ करून बघतं: खोडायचं, ए५, ५ए आणि शून्य असे नमुने लिहून वाचायचे. त्यातही नापास झाला तरच बाद. आणि कारखान्यातूनच खराब म्हणून आलेला ब्लॉक कधी खोडू नका. त्याची खूण पुसली की ती परत मिळत नाही.

१५. एसडी कार्ड, ईएमएमसी, एसएसडी?

खरं इरेज आतला कंट्रोलर त्याला वाटेल तेव्हा करतो, तुमच्या हातात नाही. ईएमएमसी ४.५ पासून 'वीज बंद होतेय' असं आधी कळवायची सोय आहे, ती वापरा. मोठ्या पट्ट्याचं इरेज तुटलं तर काही भाग गेला, काही राहिला असं धरून पुन्हा पाठवा. एनव्हीएमईच्या सॅनिटाइझचा नियम वेगळा: मध्ये वीज गेली तरी परत आल्यावर ते पुढे चालू राहतं, आणि ते संपेपर्यंत ड्राइव्ह साधं वाचूही देत नाही. ड्राइव्ह मेला म्हणून घाबरू नका.

१६. हे सगळं तपासायचं कसं?

आधी संगणकावर. फ्लॅशचं अनुकरण करणारा छोटा थर लिहा आणि इरेज तुटल्यावर त्याला मुद्दाम वाईट वागायला लावा: कधी जुना डेटा तसाच, कधी अर्धी शून्यं, कधी सगळं एफएफ पण पुढचं लिहिणं बिघडवणारं. मग प्रत्येक इरेज आणि प्रत्येक लिहिणं यांच्या मध्ये वीज तोडून बघा. सावरतानाच पुन्हा वीज गेली, हा प्रकार बहुतेकांकडून सुटतो, तोही घ्या.

मग खऱ्या बोर्डावर. इरेजची कमांड गेल्यावर १ मिलिसेकंदाने वीज तोडा, मग २, मग ३, असं कमाल वेळेच्या पुढेपर्यंत. हाताने प्लग काढून काही कळत नाही.

तोडताना फक्त चिपचा सप्लाय उघडा टाकू नका. प्रोसेसर चालू असेल तर चिपसिलेक्ट आणि डेटाच्या तारांमधून, संरक्षक डायोडमार्गे, चिपला चोरवाटेने वीज मिळत राहते आणि इरेज बऱ्यापैकी पूर्ण होतं. चाचणी सलग पास होत असेल तर आधी चिपच्या व्हीसीसी पिनवर ऑसिलोस्कोप लावा. माझ्याकडे तिथे २ व्होल्ट उभे होते. अख्ख्या बोर्डाचा सप्लाय तोडून मॉसफेटने तो जमिनीला ओढला, तेव्हा पहिलं अपयश दिसलं.